हात थांबतात तेव्हा

योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, पंचवीस तासांचा कडक उपास रात्री सुटतो. चार घास पोटात जातात न जातात, तोच कित्येक ज्यू घरांच्या अंगणात हातोडीचा पहिला ठोका पडतो. सुक्कोतचा सण तोंडावर आलेला, मध्ये जेमतेम चार दिवस. तेवढ्यात सुक्का, म्हणजे मांडव, उभा राहायला हवा. छत फांद्यांचं, तेही रात्री तारे दिसतील इतकं विरळ. मग मुलांनी केलेल्या कागदी साखळ्या, टांगलेली डाळिंबं, रंगवलेले पडदे. दिवसभर छातीवर मूठ मारत पापांची कबुली देणारा माणूस दुसऱ्या दिवशी डिंकाने बोटं चिकट करून बसलेला असतो. मला यात काही विसंगत वाटत नाही. मनाने केलेला निश्चय अंगी मुरायचा, तर हातांनाही काही काम लागतंच.

ज्यू धर्माला कलेचं वावडं आहे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. मूर्ती करू नका, ही आज्ञा आहेच; पण धर्मकृत्य नुसतं उरकू नये, देखणं करावं, असंही तालमूद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. सुक्का सुंदर असावा, शोफार हे शिंगाचं वाद्य सुंदर असावं, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी चांगल्या शाईने, कसबी लेखकाकडून लिहून घ्यावी. याला ‘हिद्दूर मित्स्वा’ म्हणतात. या सौंदर्यापायी जास्तीचा खर्च किती करावा, याचाही तिथे खल आहे, आणि उत्तर मिळतं : एक तृतीयांशापर्यंत. भक्तीच्या भरात घर धुऊन निघू नये, ही काळजी मला फार आवडते.

पण खरी गोम पुढेच आहे. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकातल्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने भरून टाकतो आणि निवासमंडपाचं काम त्याच्यावर सोपवतो. सोनं, लाकूड, रत्नं, सगळं त्याच्या हाती. आणि लगेच, त्याच अध्यायात, शब्बाथ पाळण्याची ताकीद येते. देवाचं घर बांधायचं असलं तरी सातव्या दिवशी हत्यार खाली. शब्बाथला वर्ज्य असलेली 39 कामं पंडितांनी त्या मंडपाच्या बांधणीतूनच काढली : रंगवणं, शिवणं, गाठ मारणं, दोन अक्षरं लिहिणंसुद्धा. सणाच्या मुख्य दिवसांत स्वयंपाकाला मोकळीक असते, पण कात्री-कुंचल्याला नाही. म्हणजे कलेची जागा सणाच्या अलीकडे. सूर्य मावळला की साखळी जेवढी झाली तेवढीच.

अशाच सणाआधीच्या कलेत, पोलंड-युक्रेनकडच्या गावांत ज्यू पाठशाळेतली मुलं शावुओत या सणासाठी कागदाची घडी घालून धारदार चाकूने फुलं, पक्षी, सिंह कापत आणि खिडकीच्या काचेवर लावत. गरिबाला परवडणारी ही कला. घडी उलगडेपर्यंत आपण काय केलंय ते कापणाऱ्यालाही पुरतं दिसत नसे. त्यातलं फार थोडं आज उरलंय. कागद मुळात नाजूक, आणि नाझींनी ती माणसंच मारली, ती घरंच उजाड केली.

सणाच्या तयारीतल्या कलेची एक खूण मराठीतही आहे. पुण्यात 1874 साली छापलेल्या, पेसाह या सणाच्या रात्री वाचायच्या हग्गादा या पोथीत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे आणि बेखमीर भाकरी करणाऱ्या साडीतल्या बायकांची चित्रंही. बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या, या पोथीने सणाच्या तयारीलाही चित्राचा मान दिला.

अलीकडे काही जण पेसाह ते शावुओत या ओमेरच्या मोजणीच्या 49 दिवसांत रोज एखादं छोटं चित्र काढतात. दया, संयम, नम्रता अशा सात गुणांची सात-सात दिवसांची उजळणी त्या मोजणीत असतेच, तिला रंगांची जोड मिळते. उपक्रम चांगला आहे. पण त्याचं रूपांतर ‘मी कसा व्यक्त झालो’ यात झालं, फोटो आणि कौतुक यांत संध्याकाळ गेली, की तयारी कसली नि सण कसला! अशी चित्रं काढायला बसणाऱ्यांनी कागद-रंगांच्या आधी थांबण्याची वेळ ठरवावी, आणि त्या वेळी चित्र अर्धं असलं तरी उठावं.