शक्तीचा निवाडा आणि उत्तराचा अधिकार

अलौकिक सामर्थ्य असलेली व्यक्ती समाजाला घातक मानावी की उद्धाराला पात्र, हा प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो त्या रीतीतच एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सामर्थ्य आहे, हे आधीच ठरलेले असते. वाद उरतो तो त्या सामर्थ्याच्या वापराविषयी. पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादही सिद्धी नाकारत नाही, समाधीच्या मार्गातील अडथळे म्हणून त्यांची जागा दाखवतो. तेथे धोका आहे तो सिद्धाला, स्वतःच्याच सिद्धीपासून. लोकव्यवहारात मात्र धोका नेहमी इतरांना असतो आणि निवाडाही इतरच करतात. शास्त्राकडून लोकव्यवहाराकडे येताना न्यायासनावरील व्यक्ती बदलते, आणि प्रश्नाचे नैतिक स्वरूप त्या बदलातून घडते.

खानदेशात या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच भूमीवर नांदताना दिसतात. धुळे–जळगाव रस्त्यावरील पारोळ्याहून पूर्वेला जात राहिले की जळगाव, भुसावळ मागे टाकून मुक्ताईनगर तालुक्यात तापी–पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव लागते. योगी चांगदेवाचे मंदिर तेथे आहे, आणि मुक्ताबाईची कोथळी–मेहूण ही स्थानेही त्याच परिसरात. पारोळ्याहून वायव्येला, तापी ओलांडून सातपुड्याच्या रांगांत शिरले की १९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा डोंगराळ मुलूख येतो. ज्या स्त्रीला ‘डाकीण’ ठरवले जाते ती येथली. एकीकडे सिद्ध, दुसरीकडे डाकीण. दोघांच्याही ठायी माणसापलीकडची शक्ती आहे असे त्यांचा समाज मानतो. एकाचे देऊळ होते, दुसरीला गाव सोडावे लागते, कधी जीव गमवावा लागतो. हा फरक शक्तीच्या मोजमापाने उलगडत नाही.

चांगदेवाची कथा महाराष्ट्राला इतकी पाठ आहे की तिच्यातील न्यायविचाराकडे सहसा लक्ष जात नाही. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला, काळालाही परतवणारा हा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहू पाहतो आणि मायन्यापाशीच अडतो. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार? अखेर कोरा कागद जातो. पुढे तो वाघावर बसून, सापाचा चाबूक करून भेटीस निघतो आणि ही भावंडे बसल्या भिंतीसह त्याला सामोरी येतात. महिपतीच्या ‘भक्तिविजया’ने (१७६२) अशा संतकथा घरोघरी पोचवल्या, आणि कीर्तनकारांनी वाघ व भिंत यांवर भर दिला. ते स्वाभाविकच होते. श्रोत्यांना वाघ दिसतो, मायना दिसत नाही. कथेचा नैतिक पेच मात्र कोऱ्या कागदात आहे. चांगदेवातला धोका वाघाशी निगडित नाही. समोरच्याला कोणत्या नात्याने हाक मारावी हे त्याला सुचत नाही. शक्तीने त्याला इतका एकटा केला आहे की त्याची भाषा नात्याच्या पहिल्याच शब्दापाशी थिजते.

कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या जातात. ‘चांगदेव पासष्टी’ त्याला ‘वटेश्वराचा पुत्र’ म्हणून नावाने संबोधते, पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतील भेद मिटवण्याकडे नेते आणि पत्र लिहिणाऱ्याला पत्र घेणाऱ्याच्या पातळीवर आणून बसवते. तीत आरोप नाही, म्हणून क्षमाही नाही. पुढे मुक्ताबाई त्याची गुरू होते, तेव्हा वयाचा आणि सामर्थ्याचा सगळा उतरंडीचा हिशेबच उलटतो. चांगदेवाचा उद्धार झाला असे म्हणायचे तर तो त्याला उत्तर मिळाले म्हणून झाला. कोणी त्याला माफ केले, असे कथा कोठेही म्हणत नाही.

उद्धार करणाऱ्या या भावंडांचा स्वतःचा इतिहास येथे विसरून चालत नाही. संन्याशाची मुले म्हणून ती बहिष्कृत होती आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर उभे राहावे लागले. तेथे रेड्यामुखी वेद बोलवले गेले आणि सभा नमली. कथा ज्ञानदेवांचा विजय म्हणून ऐकली जाते. पण रेडा बोललाच नसता, तर ती मुले दोषी ठरली असती काय? ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांच्याकडून निर्दोषत्वाचा पुरावा मागितला गेला आणि तो पुरावा अलौकिकच असावा लागला, ही त्या विजयातील खरी अडचण आहे. चमत्काराने आरोपींना सोडवले, सभेच्या अधिकाराला मात्र धक्का लावला नाही.

सातपुड्यात हीच रचना रेड्याविना उभी राहते. मूल दगावते, गुरे मरतात, आजार हटत नाही. भगत किंवा बडवा यांच्याकडे कारण विचारले जाते आणि उत्तरात एखाद्या बाईचे नाव येते. विधवा, एकटी, जमिनीत वाटा असलेली किंवा नुसती तोंडाळ. प्रश्न दाण्यांना विचारला जातो, दिव्याला विचारला जातो. तिला विचारला जात नाही. तिने नाकारले तर ते कसलेल्या डाकिणीचे लक्षण ठरते, आणि मार चुकवण्यासाठी कबूल केले तर कबुली हाच पुरावा. खानदेशात १८१८ साली इंग्रजी अंमल आल्यावर डाकीण म्हणून केलेली हत्या सरकारदरबारी गुन्हा ठरली. पश्चिम भारतातील या हिंसेच्या वसाहतकालीन इतिहासावर अजय स्कारिया यांचा ‘पास्ट अँड प्रेझेंट’मधील १९९७ चा लेख अभ्यासकांना परिचित आहे. मारेकऱ्याला शिक्षा करणारी व्यवस्था आली, तरी मारल्या जाणाऱ्या स्त्रीला बोलण्याची जागा त्यामुळे आपोआप मिळाली नाही.

उदारपणाचा खोटेपणाही येथेच उघडा पडतो. डाकीण ठरलेल्या स्त्रीला कधी कधी ‘सुधारण्याची’ संधी दिली जाते. ‘तूच लावलेस, आता तूच उतरव’ असे म्हणत तिला आजाऱ्यापाशी आणले जाते. आजारी बरा झाला तर ती सुटते. पण सुटते ती डाकीण म्हणूनच. घातक की उद्धाराला पात्र, या दोन पर्यायांपैकी दयाळू वाटणारा दुसरा पर्यायही पहिल्याच आरोपावर उभा असतो. न केलेल्या अपराधाची क्षमा शिक्षेपेक्षा सौम्य असते खरी, परंतु न्यायाच्या ती शिक्षेइतकीच विरुद्ध जाते. मानवतावादी समीक्षेने ‘खलनायिकेचे उन्नयन’ साजरे करताना हा धोका फारसा ओळखलेला नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी अधिनियम संमत केला. कायदा म्हणून त्याचे मूल्यमापन विधिज्ञ करतील. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यातील एक युक्ती लक्षणीय वाटावी. कोणाच्या ठायी शक्ती आहे की नाही, या वादात तो पडत नाही. आपल्या अंगी विशेष शक्ती असल्याचे भासवून लोकांना फसवणे वा धाक घालणे, आणि अमुक व्यक्ती करणी करते असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे, या दोन्ही उक्ती तो दंडनीय मानतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. निवाड्याचा विषय शक्तीऐवजी विधान होतो. आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगण्याची मोकळीक तो राखून ठेवतो. म्हणजे तापी–पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचा वाघ कीर्तनात चालत राहील. ही सवलत तडजोड आहे असे म्हणणाऱ्यांनी कथेतील शक्ती आणि शेजारणीवर लादलेली शक्ती यांतला फरक नीट पाहावा. कथेतल्या वाघाच्या नावाने कोणाच्या घरावर दगड पडत नाहीत.

मराठीत डाकिणीविषयी भयकथा आहेत, लोककथा आहेत, अहवाल आहेत, बहुतेक तृतीयपुरुषी. तिचे प्रथमपुरुषी कथन शोधायचे तर पोलीस ठाण्यातील फिर्यादीकडे वळावे लागते. तेथे ‘समक्ष हजर राहून फिर्याद देते की’ या सरकारी साच्यातून ती बोलते आणि तिला कोणी, केव्हा, काय म्हटले एवढेच विचारले जाते. ती डाकीण आहे काय, हा प्रश्न त्या छापील कागदावर नसतो.