आरशाची पाठ

चीन आणि कोरिया येथील प्राचीन कांस्यदर्पण संग्रहालयांत बहुधा पालथे मांडलेले असतात. प्रेक्षकासमोर येते ती त्यांची पाठ : मधोमध दोरी ओवण्यासाठी छिद्र असलेला उंचवटा आणि त्याभोवती मेघ, पक्षी, ड्रॅगन, द्राक्षवेली, शुभचिंतनाची अक्षरे. ज्या बाजूत कुणी आपला चेहरा न्याहाळला, ती गुळगुळीत बाजू थडग्यातील ओलीने कळकून गेलेली असते. प्रतिबिंब उरत नाही, अलंकरण उरते. मग दर्पणाचे सत्त्व कोणत्या बाजूला मानावे?

नीतिवादी मनाला उत्तर सोपे वाटेल : मुख खरे, पाठ केवळ शृंगार. परंतु सोल येथील सुंगसिल विद्यापीठाच्या संग्रहालयातील एका दर्पणापुढे हे उत्तर उथळ ठरते. इसवी सनापूर्वीच्या या दर्पणाचा व्यास अवघा २१.२ सेंटिमीटर, पाठीवर मात्र १३,००० हून अधिक केसासारख्या रेषा, त्रिकोणांत आणि वर्तुळांत बांधलेल्या. मुखावलोकनापेक्षा धर्मविधीत सूर्यप्रकाश परतवण्यासाठी तो वापरला जात असावा, असे अभ्यासक मानतात. त्यावर एवढे श्रम वेचणाऱ्या कारागिराला शृंगारलोलुप कसे म्हणावे?

मुखाची बाजू तुलनेने विरक्त. हान काळातील चिनी दर्पणांच्या धातूत कथिलाचे प्रमाण सुमारे चतुर्थांश असे. कथील वाढले की धातू पांढुरका होतो, लख्ख चकाकी घेतो, आणि तितकाच ठिसूळही होतो. शिवाय त्याला वरचेवर उजाळा द्यावा लागे. चुआंग-त्सूने सिद्ध पुरुषाच्या मनाला दर्पणाची उपमा दिली ती या बाजूकडे पाहून : समोर येईल ते दाखवावे, साठवू नये.

थांग सम्राट ताइत्सुंग याचा स्पष्टवक्ता मंत्री वेइ चंग ६४३ मध्ये निवर्तला. पोशाखासाठी कांस्याचा, राज्यांचे उदयास्त जाणण्यासाठी भूतकाळाचा आणि स्वतःचे गुणदोष जाणण्यासाठी माणसाचा असे तीन दर्पण असतात; त्यांपैकी एक आपण गमावला, अशा आशयाचा शोक सम्राटाने केला. ही कथा बहुधा येथेच थांबवतात, म्हणून ती सुभाषितासारखी गोड लागते. पुढचा भाग तसा नाही. आपल्या निषेधपर निवेदनांचे मसुदे वेइ चंगने दरबारी इतिहासकाराला दाखवले होते, असे सम्राटाच्या कानी आले. त्याने शिफारस केलेल्या माणसांविषयीही संशय दाटला. सम्राटाने स्वतः मजकूर रचून उभारलेली त्याची स्मृतिशिला काही महिन्यांतच पाडण्यात आली.

हा राग दोष दाखवल्याचा नव्हता. ते सम्राटाने वर्षानुवर्षे सोसले होते, आणि त्यात त्याचे मोठेपणही होते. राग होता तो दाखवलेले जपून ठेवल्याचा. सत्तेला दर्पण हवा असतो, पण पाठ नसलेला. विश्वासाने ऐकून घेतलेला सल्ला इतरांपुढे ठेवण्याचा अधिकार सल्लागाराला आहे काय, ही शंका क्षुल्लक नव्हे. तरीही कौल वेइ चंगच्या बाजूने द्यावा लागतो : नोंद न राहिलेला सल्ला पुढच्या राजाच्या कामी येत नाही. स्स-मा ग्वांगने १०८४ मध्ये पुरा केलेला बृहद् इतिहास आणि १४८५ चा कोरियन ‘तोंगुक थोंगगाम’, या दोहोंच्या नावांत दर्पण आहे तो अशा नोंदींचाच.

६४५ मध्ये ताइत्सुंग कोगुर्यो या कोरियन राज्यावर चालून गेला. आन्शीच्या किल्ल्यापाशी सैन्य अडले. हिवाळ्याच्या तोंडावर माघार घ्यावी लागली. वेइ चंग असता तर त्याने ही स्वारी होऊ दिली नसती, असे तो हळहळून म्हणाला. मंत्र्याच्या बायकोमुलांना बोलावून त्याने त्यांचा सत्कार केला आणि ती शिला पुन्हा उभी करण्याची आज्ञा दिली.