दूरचित्रवाणी आणि ओट्यावरचे बोलणे

दूरचित्रवाणीमुळे घराघरांतला संवाद आटला, ही तक्रार महाराष्ट्रात वारंवार केली जाते. परंतु वसईच्या किनारपट्टीवरील भुईगावासारख्या गावांच्या संदर्भात ती तपासली, तर तिच्यात अर्धेच तथ्य आढळते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतरची काही वर्षे संच मोजक्याच घरांत असल्याने शेजारीपाजारी एकाच खोलीत दाटीवाटीने बसत, आणि ‘आमची माती, आमची माणसं’सारखा कार्यक्रम आटोपला की पडद्यावरची शेती आणि आपल्या वाडीतली केळी यांची तुलना सुरू होई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांनी रविवारची सकाळ व्यापली होती त्याच काळात, वसईतील हरित पट्टा वाचवण्याची चळवळ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने गावोगावच्या सभांमधून उभी राहिली, हे ध्यानात घेतले तर केवळ संच घरात आल्याने सार्वजनिक बोलणे थांबते, असे म्हणता येत नाही.

बदल झाला तो बोलण्याच्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या विषयात आणि परिणामात. केबल आली, १९९९मध्ये ‘अल्फा मराठी’ ही वाहिनी सुरू झाली आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत चालणाऱ्या मालिकांनी संध्याकाळचे तास वाटून घेतले. हेच तास या गावांतील कॅथलिक घरांत रोझरीचे, म्हणजे कुटुंबाने एकत्र बसून करायच्या जपमाळेच्या प्रार्थनेचे. प्रार्थना उरकल्यावर कोणाच्या घरी आजार आहे, कोणाच्या विहिरीचे पाणी खारे झाले, उद्या बाजारात फुले कोणी न्यायची, हे सहजच निघत असे. अशा बोलण्याने ऐकणारा बांधला जातो, कारण विहीर खारी झाल्याचे कळले की आपल्या विहिरीवरून पाणी देण्याचा प्रश्न आपोआप समोर येतो. मालिकेतील सुनेच्या हालअपेष्टांवर मात्र कितीही तळमळून बोलले तरी कोणालाही काही करावे लागत नाही. हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६मध्ये पडद्यावरील व्यक्तींशी जडणाऱ्या एकतर्फी सलगीचे विवेचन केले होते. ती सलगी शेजाऱ्याच्या चौकशीची जागा घेते, तेव्हा खरे नुकसान होते.

भाषेवरील परिणाम याहून खोल आहे. या परिसरातील सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी आणि वाडवळांची वाडवळी या घरात, शेतात आणि ओट्यावर वाढलेल्या बोली आहेत. शाळा, चर्चमधील मराठी आणि मुंबईतील नोकऱ्या यांनी त्यांच्यावर आधीच दाब आणला होता, म्हणून सारा दोष दूरचित्रवाणीवर टाकणे अन्यायाचे ठरेल. तथापि शाळा दुपारी सुटत असे आणि घरी बोली टिकून राहत असे, तर मालिकेने प्रमाण मराठी आणि हिंदी थेट जेवणाच्या पाटापर्यंत आणली. पाहिलेला प्रसंग नात आजीला सांगते तेव्हा पात्रांची वाक्ये पात्रांच्याच भाषेत येतात, हळूहळू सांगणाऱ्याचेही बोलणे तिकडे झुकते, आणि पानवेल, विहीर, मासळी यांविषयीचा आजीकडचा बारीकसारीक शब्दसाठा ऐकणाऱ्यावाचून राहतो. २०१६मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने मालवणीला मुख्य वेळेत स्थान दिले, यावरून बोलीभाषेला प्रेक्षक नसतात हे वाहिन्यांचे गृहीतक कच्चे ठरते. कादोडीला किंवा वाडवळीला तशी संधी मिळावी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. मात्र पडद्यावरची कादोडीही नातीला आजीशी बोलायला लावू शकणार नाही, ते काम घरानेच करायचे आहे.