बेडकाचे ऋण

प्राण्याला मारून प्राणिविद्या शिकावी काय, हा प्रश्न शाळेपुरता तरी आता सुटला, असे पुष्कळांना वाटते. मेणाच्या तबकात चारही पाय टाचण्यांनी ताणून ठेवलेला तो बेडूक शाळांतून गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतील विच्छेदनही बंद करण्यास सांगितले. झाले ते इष्टच झाले. परंतु प्रश्न सुटला, की केवळ दृष्टीआड झाला?

आमचे बिऱ्हाड चिकपेटेत. कापडाच्या दुकानांच्या या गर्दीत अहिंसा हा ग्रंथातला शब्द नव्हे. अनेक घरांत रात्रीच्या जेवणाची वेळ तिच्यावरून ठरते. शेजारी बेळगावकडचे एक जैन कुटुंब राहते. त्यांच्या मुलीने यंदा अकरावीस जीवशास्त्र घेतले, तेव्हा तिच्या आजींनी विचारलेला पहिला प्रश्न गुणांचा नव्हता. "पोरी, जीव मारावा लागतो का गं त्यात?" मुलगी म्हणाली, "नाही गं आज्जी, आता सगळं पडद्यावर दाखवतात." आजींचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही.

१८९८ साली प्लेग बंगळुरात शिरला, आणि या दाट पेटेने त्याचा कहर सोसला. बसवनगुडी व मल्लेश्वरम् या मोकळ्या वसाहतींना चालना मिळाली ती त्या धास्तीतून. त्याच्या आदल्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपण सिद्ध केलेली प्लेगची लस स्वतःस टोचून घेतली. एवढी गोष्ट मुलांना सांगतात, आणि ती सांगण्याजोगी आहेच. पण त्याआधी ती सशांना टोचली गेली होती, आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे म्हणतात. कुलपाआडच्या माणसाच्या स्वेच्छेस वजन किती द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. सशाला तर कोणी विचारलेच नाही. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे एका दूषित बाटलीतील लशीने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला व तो दूर होण्यास १९०७ उजाडले.

आपल्या हातून हिंसा न घडणे आणि हिंसेच्या फळात वाटेकरी नसणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावरील बेडूकसुद्धा कोणीतरी एकदा खरा बेडूक उघडून पाहिला म्हणूनच रेखाटता आला. मग औषधच नाकारावे काय? मुळीच नाही. स्वतःपुरता असा त्याग कोणी करील तर करो. घटसर्पाने गुदमरणाऱ्या लेकरावर तो लादण्याचा अधिकार आईबापांनाही नाही. म्हणजे वाटेकरी तर आपण राहणारच. आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले. सशाचे आणि बेडकाचे ऋण कोणत्या खात्यात मांडावयाचे? कारकुनाची दृष्टी म्हणा हवी तर, पण ज्या खर्चाची नोंदच नाही तो झालाच नाही असे समजणे, याला हिशेब म्हणत नाहीत.

कोवळ्या वयात हा भार कशाला, असे कोणी म्हणेल. सोळाव्या वर्षी जी मुले वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेचा भार वाहतात, त्यांच्याविषयी ही कणव मला थोडी उशिरा आलेली वाटते. त्या परीक्षेत बेडकाच्या हृदयाचे कप्पे तीन, हे ठाऊक असले की चार गुण मिळतात. ते हृदय कोणाच्या सुरीखाली धडधडत होते, याला गुण नाहीत. मन बोथट करण्यास सुरी लागतेच असे नाही. पर्यायांचे गोल काळे करूनही ते साधते.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज अभ्यासकांनी प्रयोगकर्त्यांपुढे तीन अपेक्षा ठेवल्या: प्राण्यावाचून भागत असेल तर भागवावे, न भागल्यास कमीत कमी प्राणी घ्यावेत, आणि जे घ्यावे लागतील त्यांच्या वेदना शक्य तितक्या कमी कराव्यात. हे अकरावीच्या वर्गात एका तासात सांगून होईल. ज्या मुलीला ते सांगितले गेले ती उद्या एखाद्या प्रयोगशाळेत, वीस सशांच्या मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी, बारांत भागणार नाही का, असे विचारू शकेल. जिला पडदाच काय तो दाखविला, तिला हा प्रश्न सुचावा तरी कुठून?