कागदावरचे नाव

नोव्हेंबर हा परलोकवासी श्रद्धावंतांच्या स्मरणाचा महिना. या महिन्यात आपण आपल्या मृतांची नावे कागदावर लिहून मिस्सासाठी देतो. परंतु घरोघरी आणखी एका कागदावर एक नाव लिहिलेले असते, आणि त्याची आठवण मात्र दफनविधीनंतरच होते. तो कागद म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशनपत्र. आमच्या वांद्र्यात पश्चिमेला टेकडीवर मोतमाउली आहे आणि रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेला, भविष्य निधी भवन. मृताच्या कुटुंबाला दोन्हीकडे जावे लागते.

समजा, एका तरुणाने नोकरीला लागताना त्या कागदावर आईचे नाव लिहिले. पुढे त्याचे लग्न झाले. नाव बदलायचे राहून गेले. आणि तो अकाली प्रभूच्या घरी गेला. आई म्हणते, "नाव माझे आहे." पत्नी म्हणते, "संसार माझा आहे." पैसा कोणाचा?

असाच एक वाद २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला. न्यायालयाचे म्हणणे असे की, नामनिर्देशित व्यक्तीने रक्कम स्वीकारावी. मालकी मात्र वारसा-कायद्याने ठरावी. विम्याच्या रकमेबाबत हेच तत्त्व १९८४ साली सांगितले गेले होते. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील खटल्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, ते शेअरांनाही लागू झाले. आपल्यासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्र विवाहाने आपोआप रद्द होते, हेही त्याच कायद्यात आहे. नव्या नात्याबरोबर नवे कर्तव्य येते, हे कायदाही जाणतो.

मग भांडणे का थांबत नाहीत? कारण कायदा वाटा ठरवू शकतो. मूठ उघडू शकत नाही. एक भाऊ सही देत नाही, दुसरा कागद दडवतो, आणि प्रकरण वारसा प्रमाणपत्रासाठी कोर्टात जाते. तारखा पडत राहतात. मुलांची फी मात्र तारखेची वाट पाहत नाही. शेवटी ज्याचा हक्क होता त्याला तो मिळाला, तरी मधली वर्षे त्याला कोण परत देणार? म्हणून विलंब हाही अन्यायच आहे, असे आम्ही मानतो.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात म्हटले आहे की, कामगाराने काटकसरीने साठवून जमीन घेतली, तर ती जमीन म्हणजे त्याची मजुरीच, केवळ वेगळ्या रूपातली. निवृत्तीची पुंजीही तशीच नव्हे काय? ती अडवून धरणे म्हणजे मृत माणसाची मजुरी अडवणे होय. अडवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे याकोबाच्या पत्रात सांगितले आहे.

यात आईला लोभी ठरवण्याचा आमचा हेतू नाही. ज्या हातांनी त्या मुलाला वाढवले, त्या हातांनाही म्हातारपण आहे. तिची सोय पाहणे हे सुनेचे आणि दिरांचे कर्तव्य आहे. पण कागदावरचे नाव हा मालकीहक्क नव्हे, ती कारभाऱ्याची नेमणूक आहे, हे तिला प्रेमाने समजावणेही तितकेच आवश्यक आहे.

लूकच्या शुभवर्तमानात गर्दीतला एक जण प्रभूला विनवतो की, भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभू वाटणी करण्यास नकार देतो आणि लोभापासून सावध राहण्यास सांगतो. तो त्या माणसाच्या हक्काला नाही म्हणत नाही. हक्क मिळाल्यावरही मनात जे उरते, त्याकडे तो बोट दाखवतो.

तेव्हा या महिन्यात मृतांची यादी लिहिताना कपाटातला तो दुसरा कागदही काढू या. त्यावरचे नाव आजच्या संसाराशी जुळते का, ते पती-पत्नीने एकत्र बसून पाहावे. मृत्युपत्र केले नसेल तर करावे. आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचा वाटा आला असेल, त्याने वर्षश्राद्धाच्या मिस्सापूर्वी तो पोहोचवावा. मृताच्या आत्म्याला शांती मागताना त्याच्या मुलांचा घास आपल्या मुठीत नसावा.