मायजवळची जागा

नातू झाला तेव्हा सून पुण्यात होती. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं फोन केला. "बाबा, डॉक्टर म्हणतात, बाळाला आपल्या बिछान्यात घेऊ नका. तुम्ही सगळे तर मायजवळच निजायचे ना?"

निजायचो. शहादा तालुक्यातलं आमचं घर दोन खणांचं. माणसं सात, खाटा दोन. थंडीत सातपुड्याकडून वारा सुटला की खाली गोधड्या अंथरून सगळे एका रांगेत. धाकट्याची जागा माय आणि भिंतीच्या मध्ये. पुढचं भावंड आलं की ती जागा जायची अन् पोर आजीच्या गोधडीत सरकायचं. वेगळं निजवावं का, हा प्रश्नच नव्हता. वेगळी गोधडीच नव्हती.

पण आजीचा एक नियम होता. बाप मोहाची पिऊन आला की ती दारातच अडवायची. "पिसन उना ना? मंग आंगनमा पडी ऱ्हाय." ऐन थंडीतही. मला आजीचा राग यायचा. फार उशिरा कळलं, तिचं लक्ष बापावर नव्हतंच. मायजवळच्या तान्ह्यावर होतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२२ साली सांगितलं तेही यापासून लांब नाही. तान्हं बाळ आईबापांच्याच खोलीत असावं, निदान पहिले सहा महिने. पण निजावं स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर. दारू प्यालेल्या माणसाशेजारी तर मुळीच नको. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला धोका जास्त. आमच्याकडे अशी बाळं पुष्कळ जन्मतात. म्हणून "आम्ही नाही का वाढलो?" हे उत्तर मला पुरत नाही. जे वाढले तेच हे म्हणायला उरतात. भिंतीलगतची ती जागाही तान्ह्याला धोक्याचीच होती.

पण तान्हेपण सरल्यावर काय?

माझी नोकरी धडगावकडच्या एका आश्रमशाळेत झाली. पहिलीची पोरं सहा वर्षांची. कालपर्यंत मायच्या कुशीत, आज लोखंडी पलंगावर. दिवाळीनंतर मायबाप ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडं. म्हणजे घरी जाऊनही कुशी नाही. रात्री दोन-दोन पोरं एका पांघरुणात शिरायची. पाळीला असलो की मी त्यांना उठवून वेगळं करायचो. शिस्त!

एका रात्री एकाला उचलून त्याच्या पलंगावर ठेवलं. तो रडला नाही. पहाटे फेरी मारली तर तसाच बसलेला, गुडघे छातीशी धरून, डोळे उघडे. शेजारच्या पलंगाकडं बघत.

त्यानंतर मी कुणाला वेगळं केलं नाही. पण त्याआधीच्या रात्री परत घेता येत नाहीत.

आजीनंही माणूस दूर केलाच होता, पण लेकरासाठी. मी दूर केलं ते रांग सरळ दिसावी म्हणून. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे. जवळीक तोडायची तर कारण लेकराच्या बाजूचं हवं, आणि तोडणाऱ्यानं स्वतः जवळ राहायला हवं.

सूनबाईला म्हटलं, "डॉक्टरांचं ऐक. पाळणा तुझ्या पलंगाला लावून ठेव, हात पोचेल असा. मोठा झाल्यावर रात्री आपणहून उठून आला, तर सरकून जागा दे. आणि एक दिवस यायचा थांबला, तर बोलावू नको."

ती हसली. मागून बाळाचा आवाज आला अन् तिनं फोन ठेवला.