प्रेमाचे कष्ट

'एकमेकांवर प्रीती करा' ही आज्ञा ख्रिस्ती मंडळीत इतक्या वेळा कानांवर पडते, की ती ऐकून मान डोलवावी आणि घरी जाऊन जेवावे, एवढेच करायचे असते असा पुष्कळांचा समज होतो. पण प्रीती करायची म्हणजे सकाळी उठून नेमके काय करायचे? पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला पत्र लिहिले, त्याच्या आरंभीच त्याने प्रेमाशी श्रमांची सांगड घातली आहे. तेथे योजलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ माणसाला थकवून टाकणारे कष्ट असा आहे.

या कष्टांचे रूप मला केडगावला दिसते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी 300 च्या आसपास अनाथ मुली व विधवा आणल्या. त्यांना अन्नवस्त्र देणे ही दया झाली, आणि तीही काही थोडी नव्हे. पण मुक्तिसदनाचा कारभार तेवढ्यावर थांबला नाही. त्या मुलींत काही आंधळ्या होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी स्वतः शिकून घेतली आणि मग ती या मुलींना शिकवली. कणव वाटायला क्षण पुरतो. दुसऱ्याच्या बोटांसाठी नवी लिपी शिकायची, तर महिनेच्या महिने बसावे लागते. आणि त्याच्याही आधी, 'मी काय देऊ?' हा प्रश्न सोडून 'हिला काय हवे आहे?' हे पाहावे लागते.

हे पाहणेच कठीण. माझ्या वर्गात एक मुलगा फळ्यावरचे नेहमी चुकीचे उतरवून घेई. मी त्याला रागावलो नाही, उलट पाठीवरून हात फिरवीत राहिलो, आणि स्वतःला मोठा प्रेमळ मास्तर समजत राहिलो. वर्ष संपता संपता कळले, की त्याला फळाच दिसत नव्हता. त्याला पुढच्या बाकावर बसवायला मला फार तर एक मिनिट लागले असते.

कोणी म्हणेल, कष्टाने केलेले प्रेम हे प्रेम कसले? ते तर कर्तव्य झाले. मला तसे वाटत नाही. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईला तिसऱ्या रात्री उमाळा येत नाही, झोप येते. तरी ती उठून पाणी देते. त्या वेळी तिचे प्रेम कमी झाले असे कोण म्हणेल?

मात्र एक जपले पाहिजे. आज्ञेत 'एकमेकांवर' हा शब्द आहे. एकाने सदैव द्यावे आणि दुसऱ्याने सदैव हात पसरावा, अशी ती आज्ञा नाही. मुक्तिसदनात वाढलेल्या मुली पुढे धाकट्यांना सांभाळू लागल्या, शिकवू लागल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. ज्यांना आसरा मिळाला, त्यांच्याच हातांची तेथे गरज होती.

माझा तो विद्यार्थी आता कोठे आहे, मला ठाऊक नाही. परंतु शाळा उघडली, की पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि तेथून फळा कसा दिसतो ते पाहतो.